दख्खनच्या राणीचा निळा

छोट्या आगगाड्यांच्या छंदात सर्वांत जास्त भांडणं रंगावरून होतात. मापावरून होत नाहीत, कारण माप मोजता येतं. पेरांबूरच्या कारखान्यातला आयसीएफ डबा साधारण २१.३ मीटर लांब असतो. १:८७ या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटर भरतो. फूटपट्टी लावा, भरला तर भरला, नाहीतर कानस घ्या. विषय संपला. रंगाला अशी फूटपट्टी लावता येत नाही, आणि गाडी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची असेल तर मग बघायलाच नको.

गंमत म्हणजे मापात आम्ही बिनदिक्कत तडजोड करतो. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ ला ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. पण बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, युरोप-अमेरिकेच्या मापाचे. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांच्या भारतीय गाड्या पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवरून सुखेनैव धावतात, कुणी हूं का चूं करत नाही. पण डब्याचा निळा जरासा हिरव्याकडे झुकू द्या, लगेच चार जण चष्मा पुसून पुढे येतात!

ज्या नातेवाइकांनी मला गेलं वर्षभर "अजून त्या डब्यांना रंगच देतोयस का?" असं विचारलं, त्यांच्यासाठी हा लेख. हो, रंगच देतोय. डेक्कन क्वीनचे दोन रेक करायला घेतले आहेत. एक १९३० सालचा सात डब्यांचा आणि दुसरा १९६६ नंतरचा. दुसरा आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आहे. आत्या १९७१ ते १९९८ पुणे-मुंबई पासावर जायची, सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून रात्री परत. सत्तावीस वर्षं. तिच्यासमोर चुकीच्या रंगाची डेक्कन क्वीन ठेवायची म्हणजे एखाद्याला त्याच्या आईचा म्हणून भलत्याच बाईचा फोटो दाखवण्यासारखं आहे.

आधी थोडा इतिहास. ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं, म्हणजे आपल्या जीआयपीनं, १ जून १९३० रोजी सुरू केली. पुण्यापर्यंतच्या मार्गावर दीड हजार व्होल्टची वीज नुकतीच आली होती आणि ही नवी विजेची गाडी म्हणजे कंपनीचा मिरवायचा दागिना होता. सात-सात डब्यांचे दोन रेक केले. डब्यांखालचे सांगाडे विलायतेत बनले आणि वरचे डबे जीआयपीच्या माटुंगा वर्कशॉपात. एक रेक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा. सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग १९५५ साली आला, म्हणजे सामान्य माणसाला या गाडीत बसायला पंचवीस वर्षं थांबावं लागलं. १९६६ साली जुने रेक गेले आणि पेरांबूरचे पोलादी डबे आले. त्यांचा रंग क्रीम आणि ऑक्सफर्ड ब्लू, खिडक्यांच्या वर लाल पट्टा. १९९५ मध्ये एअर ब्रेकचे नवे डबे आले, आणि २२ जून २०२२ पासून एलएचबी डबे आले ते हिरव्या-लाल रंगात. म्हणजे निळी डेक्कन क्वीन आता रुळांवर नाही. जी काही आहे ती लोकांच्या डोक्यात, फोटोत आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांच्या टेबलावर.

आता वरच्या परिच्छेदातले शब्द परत वाचा. "रुपेरी." "रॉयल ब्लू." "ऑक्सफर्ड ब्लू." वाचताना रंग डोळ्यांसमोर आला, हो ना? तुमच्या डोळ्यांसमोर आलेला आणि माझ्या डोळ्यांसमोर आलेला एकच होता असं छातीठोक सांगाल का?

रंगांची नावं फसवी असतात. याचं रेल्वेच्या जगातलं सगळ्यात मजेशीर उदाहरण इंग्लंडमधलं. लंडन-ब्रायटन रेल्वेचे विल्यम स्ट्राउडली एकोणिसाव्या शतकात आपल्या प्रवासी इंजिनांना जो रंग देत, त्याचं नाव होतं 'इम्प्रूव्ह्ड इंजिन ग्रीन', म्हणजे सुधारित इंजिन-हिरवा. प्रत्यक्षात तो हिरवा नव्हेच! पिवळ्या मातीसारखा, मोहरीच्या चटणीच्या जवळ जाणारा सोनेरी पिवळा. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयातलं 'बॉक्सहिल' नावाचं छोटं इंजिन त्याच रंगात उभं आहे. स्ट्राउडली रंगांध होते अशी दंतकथा त्यावरून निघाली. खरंखोटं ते जाणोत. पण समजा ती सगळी इंजिनं भंगारात गेली असती आणि फक्त कागद उरले असते, तर आज जगभरच्या हौशी मंडळींनी ती निष्ठेनं हिरवी रंगवली असती आणि त्यावर संदर्भासहित वादही घातले असते.

आपल्या मराठीत रंगांच्या नावांची श्रीमंती आहे, पण ती सगळी लुगड्यांच्या दुकानातून आलेली. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, पारवा, मोरपंखी, चिंतामणी. वस्तू दाखवून रंग सांगायची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, कारण डाळिंब बाजारात मिळतं. 'रॉयल' म्हणजे कोणता राजा आणि त्याचा कोणता अंगरखा, ते कुठे जाऊन बघायचं? तरी या बाबतीत इंग्रजांनी स्वतःच नंतर सोय केली. रंगांच्या नावांचा घोळ निस्तरायला १९३० च्या सुमारासच त्यांनी तयार रंगांचं एक मानक काढलं, ते पुढे बीएस ३८१सी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यात १०५ क्रमांकाला ऑक्सफर्ड ब्लू आहे आणि १०६ ला रॉयल ब्लू. शेजारी शेजारी! स्वतंत्र भारताचं आयएस ५ हे मानकही त्याच वळणाचं, आणि ऑक्सफर्ड ब्लू तिथेही आहे. तेव्हा १९६६ सालच्या रंगाच्या बाबतीत निदान एक पत्ता तरी हातात येतो. इथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. इंटरनेटवर 'ऑक्सफर्ड ब्लू' शोधलंत तर आधी ऑक्सफर्ड विद्यापीठाचा निळा समोर येतो. तो जवळजवळ काळ्याकडे झुकणारा, दौतीच्या तळाशी राहिलेल्या शाईसारखा. मानकातला त्याहून उजळ आहे. एकाच नावाचे दोन रंग, आणि दोन्ही अधिकृत.

फोटो बघ की, असं माझा मामेभाऊ म्हणाला. बघितले. फोटोंवरच या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि जे कळलं ते ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे जुने फोटो आहेत त्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

आपण समजतो की कृष्णधवल फोटोत रंग नसला तरी फिकं-गडद तरी खरं असतं. तसं नसतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ज्या फिल्मा आणि काचा सर्रास वापरात होत्या, त्यांतल्या पुष्कळ 'ऑर्थोक्रोमॅटिक' होत्या. म्हणजे निळा आणि हिरवा प्रकाश त्यांना दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. परिणाम असा की लाल वस्तू फोटोत काळी येई आणि निळी वस्तू फिकी, कधी कधी पांढुरकी. म्हणून तर त्या काळच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं, ढग दिसत नाहीत, आणि माणसांचे ओठ तपकीर ओढल्यासारखे काळे दिसतात. तांबडा दिसू शकणाऱ्या 'पॅनक्रोमॅटिक' फिल्माही १९३० पर्यंत मिळू लागल्या होत्या, पण सगळेच त्या वापरत असत असं नाही.

आता हे डेक्कन क्वीनला लावून बघा. रुपेरी रेक ऑर्थो फिल्मवर कसा येईल? डबे फिके, लाल पट्ट्या काळ्या. आणि निळा रेक? निळे डबे फिके राखाडी, आणि सोनेरी रेघा त्या मानानं गडद, कारण पिवळ्या-नारिंगीलाही ही फिल्म मंदच. म्हणजे दोन्ही रेक फोटोत 'फिका डबा, गडद रेघा' असेच येणार! रुपेरी म्हणून छापलेला एखादा फोटो चक्क निळ्या रेकचा असू शकतो आणि फोटोखाली ओळ लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसणार. उलट त्याच गाडीचा फोटो पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, भिंगाला पिवळी काच लावून काढला, तर निळा डबा काळाकुट्ट येईल आणि सोनेरी रेघ चमकेल. एकच डबा, एकच दिवस, दोन कॅमेरे, आणि दोन वेगळ्या गाड्या.

यावर उपाय असा की फोटोत आधी गाडी बघायचीच नाही. ज्याचा रंग पक्का माहीत आहे अशी वस्तू शोधायची. सिग्नलचा हात सापडला तर उत्तम, तो लाल आणि त्यावर पांढरा पट्टा. लाल भाग काळा आणि आभाळ कोरं असेल तर ऑर्थो. लाल भाग मध्यम राखाडी आणि ढग सुंदर आले असतील तर पॅन. मगच डब्याकडे वळायचं. मला ही पद्धत पोलिसी वाटते आणि म्हणून आवडते. आधी पंचांची साक्ष, मग आरोपीची.

याउलट सध्या जे चाललं आहे ते मला अजिबात पसंत नाही. जुन्या फोटोंना संगणकाकडून रंग भरून घ्यायचे आणि व्हॉट्सॲपवर सोडायचे. तो प्रोग्राम राखाडी छटा बघून अंदाज बांधतो, आणि अंदाज कशावरून, तर त्यानं आधी पाहिलेल्या लाखो रंगीत फोटोंवरून. ऑर्थो फिल्म काय चीज आहे ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फिक्या राखाडीचा तो फिका क्रीम करणार, काळ्या पट्टीचा काळा किंवा तपकिरी. चित्र इतकं छान दिसतं की पुढची पिढी तेच खरं मानणार. माझ्या पुतण्यानं मला असाच एक फोटो कौतुकानं पाठवला, "काका, हा घे तुझा पुरावा." मी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं. तेव्हापासून तो मला फोटो पाठवत नाही. असो.

१९६६ नंतरचे फोटो रंगीत आहेत, तेव्हा प्रश्न सुटला असं वाटेल. नाही सुटत. सत्तर-ऐंशीच्या दशकातले घरोघरचे रंगीत फोटो आठवा. सगळे आता तांबूस झाले आहेत ना? रंगीत छपाईच्या कागदात पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंगांचे थर असतात. जुन्या कागदांत निळसर थर अंधारातसुद्धा आधी विरत जातो, मग उरतो तो तांबडेपणा. म्हणजे नेमका मला हवा असलेला निळाच सर्वांत आधी पसार होतो! त्यात आपल्याकडे तेव्हा पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म खूप वापरली जाई, तिचा स्वतःचा एक वेगळाच स्वभाव. बाबांच्या अल्बममध्ये पुणे स्टेशनावर काढलेला एक फोटो आहे. त्यात डेक्कन क्वीन जांभळट, फलाट गुलाबी, आणि माझा पांढरा शाळेचा शर्ट अबोली रंगाचा. शर्ट पांढरा होता हे मला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा शर्ट पांढरा होईपर्यंत संगणकावर फोटो फिरवायचा आणि मग डबा बघायचा. इथेही तीच पंचांची साक्ष.

आता साक्षीदार क्रमांक एक, खुद्द आत्या.

मी प्लास्टिकच्या पाच पट्ट्या केल्या. एक नंबर सर्वांत काळपट निळी, पाच नंबर सर्वांत उजळ. त्या घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते आणि डाव्याचं व्हायचं होतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळट-तपकिरी होतं, आणि पिवळी काच काय करते? निळं अडवते. माणसाला ते कळत नाही, कारण हे इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेतो. चित्रकार क्लोद मोने यांचं १९२३ साली ऑपरेशन झालं, त्यानंतर सगळं निळं दिसतं अशी त्यांची तक्रार होती. आत्याचीही तीच. "अरे, माझ्या सगळ्या भिंती कुणी रंगवल्या का?" असं तिनं घरी आल्यावर विचारलं होतं.

मी म्हटलं, आत्या, आता एकेक डोळा झाक.

जुन्या डोळ्यानं तिनं चार नंबर उचलली. "हीच. डोळे मिटून सांगते." मग तो डोळा झाकून नव्या डोळ्यानं बघितलं आणि तीच पट्टी तिनं टेबलावर टाकली. "ही कसली भडक! ही तर उत्सवातली झूल." तिनं दोन नंबर घेतली. दोन मिनिटांपूर्वी तिला स्वतःलाच खात्री होती. आम्ही दोघं बराच वेळ हसलो, पण मला रात्री झोप आली नाही. माणूस तोच, आठवण तीच, टेबल तेच, दिवा तोच, आणि उत्तरं दोन.

विचार केल्यावर त्यातही एक क्रम लागतो. ती गाडीत रोज बसायची तेव्हा तिचं वय सत्तावीस ते चोपन्न, म्हणजे भिंग बरंच स्वच्छ. तेव्हा नवा डोळा त्या काळच्या जवळचा. पण नव्या डोळ्याला सुरुवातीचे काही आठवडे निळं जरा जास्तच दिसतं, कारण मेंदू वर्षानुवर्षं पिवळ्या काचेची भरपाई करत आलेला असतो आणि ती सवय एका दिवसात सुटत नाही. म्हणून डाव्या डोळ्याचंही झाल्यावर तीन महिने थांबून मी पुन्हा गेलो. पट्ट्यांचे नंबर झाकून, क्रम बदलून. या वेळी तिनं तीन नंबर उचलली आणि त्यावरून हलली नाही.

मग ती उठली आणि ट्रंकेतून एक साडी घेऊन आली. क्रीम रंगाची, निळ्या काठांची, नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवाळीला घेतलेली. ही नेसून गेलं की पासवाल्या मैत्रिणी म्हणायच्या, "आज युनिफॉर्म का गं?" गाडीच्या रंगाची साडी! पन्नास वर्षांत काठ विटले होते, पण तिनं स्वतःहून एक टोक माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "फॉल उसव ना. आतला काठ कुठे ऊन बघतो?" खरंच. फॉलचे चार टाके उसवल्यावर आतला काठ जसाच्या तसा निघाला. दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पट्ट्यांशेजारी धरला. तीन नंबरच्या किंचित पुढे, पण तीनच. दोन नाही आणि चार तर नाहीच नाही.

साडीचा रंग म्हणजे डब्याचा रंग नव्हे, हे मलाही कळतं. त्या बायकांची थट्टा होती, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. पण रोज गाडी बघणाऱ्या पाच-सहा जणींना ती साडी आणि ती गाडी एक वाटली, ही साक्ष छोटी नाही. पेरांबूरहून आलेला अधिकृत कागदसुद्धा 'ऑक्सफर्ड ब्लू' एवढेच दोन शब्द सांगतो.

साडी दारात नेऊन बघायची ही बाईमाणसांची पद्धत मी आता सगळ्याच रंगांना लावतो. दोन रंग दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि उन्हात वेगळे, हे लक्ष्मी रोडवर साडी घेणाऱ्या कुणालाही माहीत असतं. शास्त्रात त्याला मोठं नाव आहे. स्टेशनावरचे जुने सोडियमचे पिवळे दिवे तर निळ्याचे वैरीच. त्यांच्या उजेडात ऑक्सफर्ड ब्लू डबा काळा दिसतो. रात्री पुण्याला उतरून घरी जाणाऱ्यांपैकी कुणी "गाडी काळपट होती" म्हणालं तर त्याला खोटं ठरवू नका. त्यानं पाहिलं ते त्यानं पाहिलं.

उजेडाचा आणखी एक मुद्दा. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो आणि आपल्या दिवाणखान्यात रात्री दोनशे-तीनशे. प्रकाश कमी झाला की रंगाचा तजेलाही कमी वाटतो. म्हणून खऱ्या डब्यावरचा अगदी तोच रंग डबीतून आणून छोट्या डब्याला फासला तर तो घरात मळका दिसतो. हौशी मंडळी यासाठी रंगात थोडा पांढरा मिसळतात. पुष्कळ जण कारण देतात की दुरून बघताना हवेमुळे रंग फिके होतात. मला ते पटत नाही. १:८७ चा डबा एका फुटावरून बघणं म्हणजे खरा डबा सव्वीस मीटरवरून बघणं. एवढ्या अंतरात हवा काय कप्पाळ फिकं करणार? फलाट ओलांडून पलीकडचा फलाट तेवढा असतो. कारण उजेडाचं आहे. मी पांढरा घालतो, पण बेताचा, आणि घातल्यावर ज्या खोलीत गाडी राहणार त्याच खोलीत बघतो. आत्याच्या बैठकीत दिवसा पूर्वेचं ऊन येतं, रात्री पांढरी एलईडी. दोन्ही वेळा जाऊन बघून आलो. तिला वाटलं चहासाठी येतो. तेही होतंच.

आणि एवढं करून जो रंग ठरला, तो सगळ्या डब्यांना सारखा द्यायचाच नाही! कारण खरा रेक कधीच एकरंगी नसतो. डबे ठराविक मुदतीनं वर्कशॉपला जातात, रंगून येतात, आणि एक नुकता आलेला डबा दोन उन्हाळे खाल्लेल्या डब्याच्या शेजारी जोडला जातो. १९३० च्या रेकचं तर आणखी वेगळं. तेव्हाच्या डब्यांवर रंगाच्या हातांवर व्हार्निशचे हात देत. व्हार्निश मुळातच मधासारखं पिवळट, आणि जुनं होईल तसं अधिक. निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवट छटा. वर्कशॉपातून बाहेर पडलेला रॉयल ब्लू आणि वर्षभरानंतरचा रॉयल ब्लू हे दोन वेगळे रंग, आणि दोन्ही खरेच. त्यात बोरघाट. ३७ फुटांना एक फूट असा चढ-उतार. उतरताना ब्रेक लागून लागून बिडाची भुकटी उडते आणि डब्यांच्या खालच्या भागावर, चाकांवर बसून गंजते. निळ्या डब्याच्या पायथ्याशी ती विटकरी झाक आली नाही तर डबा खेळण्यातला वाटतो. ही झाक मी गेरूनं देतो. बाजारातल्या महागड्या पावडरी मिळतात, पण आपल्या तुळशीवृंदावनाचा गेरू म्हणजेही लोखंडाचा ऑक्साईडच, आणि जुन्या मालगाड्यांच्या वाघिणींच्या तांबड्या-तपकिरी रंगातही तोच. स्वस्त, उन्हात न उडणारा. गेरू खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून गाळायचा. बायकोचा खलबत्ता वापरू नये एवढं पथ्य पाळावं.

रुपेरी रेक मी सध्या बाजूला ठेवला आहे. ॲल्युमिनियमच्या रंगात धातूचे बारीक पापुद्रे असतात आणि तेच रुपेरी चमक देतात. खऱ्या डब्यावर ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण डबा ८७ पट लहान झाला तरी डबीतला पापुद्रा लहान होत नाही! मग छोट्या डब्यावर चकचकीत वाळू शिंपडल्यासारखं दिसतं. चमक नसलेला फिका राखाडी देऊन वर रेशमी व्हार्निश द्यावं असं माझं मत होत चाललं आहे. काहींना ते पाखंड वाटेल.

आत्याच्या रेकचे नऊ डबे झाले, तीन उरलेत. खालचा निळा तीन नंबरच्या पट्टीचा, दोन डब्यांत अर्धा थेंब पांढरा जास्त, एका डब्यात किंचित काळा. क्रीमला एक चिमूट पिवळी माती. लाल पट्टा हातानं नाही, मुखवट्याची चिकटपट्टी लावून फवाऱ्यानं. जेवणाचा डबा सर्वांत शेवटी करणार आहे, कारण त्याच्या खिडक्यांत काय दिसायला हवं याबद्दल आत्याच्या सूचना अजून येत आहेत. परवा फोन होता की ऑम्लेटच्या बशीला निळी कड होती.

ज्यांच्याकडे १९६६ ते १९९५ मधले डेक्कन क्वीनचे रंगीत फोटो किंवा स्लाइड असतील, त्यांनी कृपया कळवावं. फोटोत एखादा पांढरा शर्ट असेल तर फारच उत्तम.